सड्यावरचा वणवा: गणपतीत सुरू करायचं काम

मार्च २०२२ मध्ये एका दुपारी आमची ४३ काजूची झाडं गेली. पावणेतीनला सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, धूर दिसला, साडेचारला सगळं आटोपलेलं. बोंडू धरले होते, ते झाडावरच भाजले. पुढे तीन दिवस घरात काजू भाजल्याचा वास होता. भेटायला आलेला एक जण चहा पिता पिता म्हणाला, "वास मात्र झकास सुटलाय हो वहिनी," आणि मग त्यानेच जीभ चावली.

त्या वर्षी मी बागेभोवती गवत कापून मोकळा पट्टा मारलेला होता, म्हणून निर्धास्त होते. पट्टा होता पाच फुटांचा. वणव्याने तो कसा ओलांडला ते मी डोळ्यांनी पाहिलं. उडी वगैरे काही मारली नाही त्याने. कापलेलं गवत मी तिथेच पसरून ठेवलं होतं, त्यावरून तो चालत आला.

आमचा गाव राजापूर तालुक्यात. वर कातळाचा सडा, मधे उतारावर बागा आणि घरं, खाली मळे आणि खाडी. मी इथली सून, पण मधली २८ वर्षं मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर आम्ही दोघं गावी आलो. त्या आगीनंतर गावाने जे केलं, त्यात जे चुकलं आणि जे जमलं, ते इथे लिहितेय. ज्यांचा गाव असाच सड्याखाली आहे त्यांना यातलं बरंच जसंच्या तसं उचलता येईल. मेळघाट-गडचिरोलीची गोष्ट वेगळी. तिथे राखीव जंगल आहे, वनखात्याची माणसं जाळरेषा काढतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक रान खासगी मालकीचं. वनरक्षक बिचारा सांगेल ती मदत करतो, पण आपल्या मालकीच्या सड्यावरचं गवत कापायला सरकार येणार नाही.

पूर्वी एवढे वणवे नव्हते, असं म्हातारी माणसं सांगतात, आणि ते मला पटतं. तेव्हा घरटी चार-सहा गुरं होती. सड्यावरचं गवत दिवाळीनंतर कापून, भारे बांधून घरी यायचं. उरलेलं गुरं फस्त करायची. आता गोठे रिकामे आहेत, तरणी माणसं मुंबई-पुण्याला, आणि कुसळीचं गवत कंबरेएवढं वाढून जागच्या जागी वाळतं. त्यात रानमोडीची झुडपं. ठिणगी कुणाचीही असो, सरपण आपण वर्षभर रचून ठेवलेलं असतं.

गणपतीत बसून ठरवायचं

वणव्याची सभा मार्चमध्ये घेऊ नका. मार्चमध्ये सभेला फक्त राग येतो. आमची सभा गणपतीत होते, कारण तेव्हा चाकरमानी गावात असतात, आणि सड्यावरच्या जमिनी त्यांच्याच नावावर आहेत. एकेका सातबाऱ्यावर तीस-तीस नावं. त्यातले निम्मे कधी भेटलेले नाहीत, काही हयात नाहीत.

इथे एक गाठ आहे, ती आधी सोडवावी लागते. दुसऱ्याच्या जमिनीत गवत कापायला गेलात की मालकाच्या मनात पहिला विचार येतो: आज गवत कापतोय, उद्या कूळ लावेल. कुणी तोंडावर म्हणत नाही, पण पहिल्या वर्षी आमचं काम याच एका भीतीने अडलं. मग आम्ही साधा कागद केला. "वणव्यापासून बचावासाठी पट्ट्यापुरतं गवत कापण्यास हरकत नाही. झाडास हात लावणार नाही. यातून कसलाही हक्क निर्माण होणार नाही." प्रत्येक घराण्याच्या एका शाखेतून एकाची सही, सगळे कागद पोलीस पाटलांकडे. जे गणपतीला आले नाहीत त्यांनी व्हॉट्सॲपवर तेच वाक्य लिहून पाठवलं. तीस जणांच्या सह्या गोळा करत बसलो असतो तर अजून बसलेलेच असतो.

त्याच बैठकीत नकाशा काढायचा. तलाठ्याकडून गावनकाशाची प्रत घ्या, मोठ्या कागदावर उतरवा आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या दोन-तीन माणसांना विचारा की वणवा कुठून येतो. कारण तो कुठूनही येत नाही. आमच्याकडे त्याची तीन तोंडं आहेत: शेजारच्या गावाच्या शिवेवरचा सडा, डांबरी रस्त्याचं वळण जिथे गाड्या थांबून विड्या-सिगारेटी होतात, आणि विजेच्या तारांखालची पट्टी. हे कळल्यावर कामाचा डोंगर एकदम लहान झाला. सगळ्या गावाला कडं घालायची गरज नव्हती, तीन तोंडं मिळून दीडेक किलोमीटर पट्टा पुरला.

नकाशावर गडगे (दगडी कुंपणं), पऱ्ये (ओहोळ), पायवाटा, टेम्पो जाईल असे रस्ते, पाणवठे दाखवा. आणि सड्यावरच्या बंद पडलेल्या चिरेखाणी आणि बिनकठड्याच्या विहिरी लाल शाईने. रात्री धुरात पळताना माणूस आगीपेक्षा त्यांतच आधी पडेल.

शिवेपलीकडच्या गावात आपण होऊन जा. "तुमच्यामुळे आमचं जळलं" हे वाक्य घरी ठेवून जा. शिवेवरचा पट्टा दोघांनी मिळून काढायचा, त्यांचे चार, आपले चार. आमचे पोलीस पाटील नारळ घेऊन गेले होते. नारळाने बरंच काम होतं.

पट्टा

वेळ दत्तजयंती ते संक्रांत. नोव्हेंबरात गवत ओलं असतं, कापलं तर खालून पुन्हा फुटतं. जानेवारी संपताना ते इतकं वाळतं की यंत्राचं लोखंडी पातं कातळाला घासलं तरी ठिणगी पडू शकते. आपणच लावलेल्या वणव्यासारखी लाज नाही. त्यामुळे खडकाळ जागी ग्रासकटरला पातं न लावता नायलॉनची दोरी लावा, आणि पेट्रोल भरायचं ते इंजीन गार झाल्यावर, गवताबाहेर, उघड्या कातळावर.

रुंदी किती? गवत गुडघ्याएवढं असेल तर १० फूट, कंबरेएवढं असेल तर १५ ते २०. पट्ट्याखाली चढ असेल, म्हणजे आग खालून वर येणार असेल, तर आम्ही जवळपास दुप्पट धरतो. आग चढावर धावते. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकलेल्या असतात, ते पेटायच्या आधीच तापून कोरडं होतं. माणसाचा दम चढावर लागतो, आगीला चढावरच दम येतो.

आहे त्याचा उपयोग करून घ्या. गडगा असेल तर त्याच्या बाहेरच्या अंगाने पट्टा मारा, अर्धं काम दगडांनी केलेलंच असतं. पऱ्या, बैलगाडीची वाट, उघडा कातळ जोडत जा. पट्टा सरळ रेषेत हवा असं काही नाही.

कापलेलं गवत उचला. हे मी पुन्हा लिहितेय, कारण माझी ४३ झाडं त्याच्यात गेली. गुरं असतील त्यांना द्या, खड्ड्यात कुजवा, नाहीतर पट्ट्याच्या मधोमध ओढून जाळा. जाळणार असाल तर असं.

पट्ट्याच्या दोन्ही कडा चार-पाच फूट पार मातीपर्यंत खरवडून घ्यायच्या, दाताळ्याने. मधे गवताची रांग. आदल्या दिवशी वनरक्षक, पोलीस पाटील आणि शेजारच्या गावाला फोन. पहाटे साडेपाचला निघायचं. तेव्हा दव असतं, गवत हाताला गार लागतं, आणि वारा जवळजवळ नसतो. असलाच तर मतलई, डोंगराकडून दर्याकडे जाणारा. सपाटीवर वारा ज्या कडेला जातोय त्या कडेने पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर रांगत येते. उतारावर असाल तर वरच्या कडेने पेटवून खाली उतरवायची. दोन्ही टोकांना पाण्याने भरलेला पाठीवरचा पंप घेतलेला माणूस, मधे चौघं झोडपायला. एकदम पन्नास-साठ फुटांपेक्षा जास्त पेटवू नका. साडेआठला थांबायचं, काम उरलं तरी.

आणि मग घरी जायचं नाही. गवतात वाळलेलं शेण असतं. ते धूर न दाखवता तासन् तास आत धुमसतं. तसंच जुनं खोड, मुळी. दुसऱ्या वर्षी आम्ही आठला विझवून नऊला चहाला गेलो, आणि बाराला दर्याचा वारा सुटल्यावर एक शेणाची गोवरी जागी झाली. नशीब, एक पोर तिथे गलोल घेऊन फिरत होतं. तेव्हापासून राखेवर तळहाताची मागची बाजू धरून, न टेकवता, फूटफूट तपासतो. ऊब लागली की कोयत्याने उकरायचं, पाणी, पुन्हा उकरायचं. दोन माणसं दुपारी तीनपर्यंत तिथेच.

बागेत आच्छादन घालणारे विचारतात की मग झाडाखालचा पाला काढायचा का. आतल्या ओळींत ठेवा, ओल टिकते. पट्ट्यालगतच्या दोन ओळींत मात्र एक काटकी नको, आणि काजूचा वाळका पाला तर नकोच.

आग लावणाऱ्यांशी बोलणं

"वणवा लावणे गुन्हा आहे" असा फलक आम्हीही लावला होता. पहिल्याच हंगामात तो जळाला.

सगळे वणवे विडीने लागत नाहीत. काही मुद्दाम लावतात: जाळलं की नवं गवत लुसलुशीत येतं म्हणून, शिकारीसाठी, वाट मोकळी व्हावी म्हणून. गवत खरंच हिरवं फुटतं, हे नाकारून वाद जिंकता येत नाही. पण ते जुन्याच मुळातून फुटतं, आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात पऱ्यात जाते. आमच्या सड्यावर गुरं नेणाऱ्या आबांशी तिघं जाऊन बोललो. ठरलं असं की त्यांना हवा तेवढा दोन एकराचा तुकडा जानेवारीत, पहाटे, सगळ्यांनी मिळून जाळायचा, आणि बाकी सड्याला हात नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी तो तुकडाही नको म्हणून सांगितलं. आज सड्यावरचा धूर गावात सगळ्यात आधी तेच कळवतात, कारण दिवसभर वर असणारा माणूस तो एकच.

भाजावळ, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पाला-काटक्यांचा राब पसरून जाळणं, हा नाजूक विषय. राब भाजल्याशिवाय भाताची रोपं धड येत नाहीत असं इथे पिढ्यान् पिढ्या मानलंय. मी दोन गुंठ्यांवर गादीवाफे करून, भाताच्या तुसाची राख मिसळून रोपं करून पाहिली. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत असंच सांगतात. रोपं चांगली आली. तण मात्र जास्त आलं, खोटं कशाला सांगू. राब भाजल्याने तणाचं बी मरतं, तो फायदा जातो. म्हणून आम्ही कुणावर सक्ती केली नाही. नियम एवढाच की भाजावळ सकाळी सातला सुरू, दहाला बंद, भोवती पाच हात खरवडलेलं, आणि आदल्या रात्री ग्रुपवर निरोप. निरोप न देता धूर दिसला की घंटा वाजणार, आणि धावत आलेल्या सगळ्यांना त्याने चहा पाजायचा. हा दंड लोक हसत मानतात. पावतीपुस्तक घेऊन गेलो असतो तर भांडणं झाली असती.

वारा ओळखायला शिका

कोकणात उन्हाळ्याचं गणित साधं होतं: सकाळी मतलई, अकरा-बाराला खारा वारा सुटला की जिवाला गार. अलीकडे असे दिवस येतात की पूर्वेचा कोरडा वारा दुपारपर्यंत पडतच नाही, खारा वारा उशिरा येतो, आणि फेब्रुवारीतच अंगाची लाही होते. फेब्रुवारी २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत तापलेला फेब्रुवारी ठरला, दिवसाच्या कमाल तापमानाच्या सरासरीत. आमची झाडं गेली तो मार्च २०२२ सुद्धा मार्चांमध्ये तसाच. २०२३ च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात म्हादई अभयारण्य आणि आसपासची रानं पेटली, नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी टाकावं लागलं. गोवा आमच्यापासून फार लांब नाही आणि तिथलं रान आमच्या सड्यापेक्षा कितीतरी ओलं.

म्हणून आम्ही एक खूण धरली आहे. हवामान खात्याने कोकणाला उष्णतेचा इशारा दिलेला असेल आणि सकाळी दहानंतरही वारा पूर्वेचाच असेल, तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लाल खडूने "आज आग नाही" लिहायचं. त्या दिवशी भाजावळ बंद, ग्रासकटर बंद, वेल्डिंग बंद, आणि दोन माणसं सड्यावर. वर्षातून दहा-बारा दिवस असे निघतात. वारा बघायला यंत्र लागत नाही, देवळाच्या कळसावरचा झेंडा पुरतो.

खारा वारा उशिरा आला तरी येतोच, आणि येताना दिशा फिरवतो. सकाळपासून पश्चिमेकडे जाणारी आग दुपारी गर्रकन पूर्वेकडे वळते. आग विझवणारे लोक नेमके तिथेच उभे असतात.

निरोप

इथे मी माझी नोकरी वापरली.

व्हॉट्सॲप ग्रुपवर "आग आग" लिहून काही होत नाही. अर्धे जण बघत नाहीत, उरलेले हात जोडल्याचं चित्र टाकतात. फोनच करायचा. आम्ही साखळी केली: पहिली व्यक्ती तिघांना, ते तिघं प्रत्येकी तिघांना. आणि साखळीतलं शेवटचं माणूस पहिल्याला परत फोन करतं. तो परतीचा फोन दहा मिनिटांत आला नाही तर कुठेतरी कडी तुटली आहे, असं समजायचं. साखळीत घरी असणाऱ्या साठीच्या बायका घेतल्या. दिवसा फोन उचलणारं माणूस तेच असतं, आणि कुणाचा मुलगा आज कुठे कामाला आहे हेही त्यांनाच ठाऊक.

निरोप चारच गोष्टींचा: कुठे, केवढा, कुठल्या बाजूला सरकतोय, कोण निघालं. "वरच्या टेपाला" म्हणून चालत नाही, टेपं छप्पन्न. नकाशावर सड्याचे १ ते १४ भाग पाडले आणि आकडे गडग्यांवर चुन्याने लिहिले. "नऊ नंबर, दोन खळ्यांएवढा, घरांकडे येतोय, वरच्या वाडीचे सहा जण निघाले." संपला फोन.

सड्याच्या खालच्या अंगाला रेंज नाही. तिथे पहिल्या वर्षी ढोल ठरवला. फाल्गुनात ढोल वाजला आणि बायका आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या, पालखी आली म्हणून. आता शाळेची घंटा, न थांबता.

वनखात्याचा मदत क्रमांक १९२६, आणि ११२. दोन्ही प्रत्येक घरात चुलीमागच्या भिंतीवर लिहिलेत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींचे संदेश मोबाईलवर पाठवते, नाव नोंदवावं लागतं. जरूर नोंदवा, पण त्यावर विसंबू नका. ज्या उपग्रहांवरून आग टिपतात ते दिवसात ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात. त्यातला एक महत्त्वाचा साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला. आमच्यासारखी पावणेतीनला लागून साडेचारला संपलेली गवताची आग त्यांच्या नजरेतून सहज सुटते.

आग लागल्यावर

आधी विदर्भातल्या नागझिरा अभयारण्याचं सांगते. एप्रिल २०२१ मध्ये तिथे वणवा विझवताना तीन वनमजूर जळून गेले. ती रानात राबणारी, सवयीची माणसं होती. आपण सवयीचेही नाही. त्यामुळे आमच्या गावात पहिला नियम: काजू जळाले तर जळाले.

एक माणूस फक्त बघायला. तो आग विझवत नाही, उंचावर उभा राहतो, शिट्टी त्याच्या गळ्यात. लांब शिट्टी म्हणजे हातातलं टाकून मागे. हे काम आमच्याकडे माजी सैनिक करतात. बाकीचे पुरुष आगीसमोर त्यांचं ऐकतात, माझं ऐकत नव्हते.

आगीच्या तोंडासमोर कुणीही जायचं नाही आणि तिच्या वरच्या चढावर तर मुळीच नाही. शेपटीकडून सुरुवात करायची, जिथे जळून काळं झालंय तिथे पाय ठेवून, आणि दोन्ही कुशींनी विझवत विझवत तोंडाकडे सरकायचं. काळ्यात उभं राहिलात की मागे पळायला जागा असते, कारण जळलेलं पुन्हा जळत नाही. घळीत उतरू नका. घळ धुराड्यासारखी ओढते. ज्वाळा डोक्याच्या वर गेल्या असतील तर झोडपण्यात अर्थ नाही, मागे पुढच्या पट्ट्यापर्यंत या आणि तिथे उभे राहा. पट्टा त्यासाठीच मारलाय.

झोडपायला ओली फांदी लागते, पण ऐनाची शोधू नका, मार्चपर्यंत त्याचा पाला गळलेला असतो. जांभूळ किंवा आंबा घ्या, पानं जाड आणि हिरवी. फांदी डोक्यावर उचलून आपटली की ठिणग्या मागे आपल्याच गवतात उडतात. जमिनीलगत आडवी, जळक्याच्या बाजूला लोटत, दाबून धरायची. दाबून धरणं महत्त्वाचं, हवा तोडायची असते. पाण्याचा पंप १६ लिटरचा, भरला की १८-२० किलो वजन, चढावर वीस मिनिटांत माणूस ढेपाळतो. त्यातलं पाणी ज्वाळांवर उधळू नका. फांदीने आग बसली की मागून येणाऱ्याने धुमसणाऱ्या बुंध्यांवर, शेणावर मारायचं. तणनाशकाचा पंप यासाठी नको. कितीही धुतला तरी नको.

पाणी कुठून? डिसेंबरात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पऱ्यावर वनराई बंधारा घालतो, तोच मार्चपर्यंत कामी येतो. बंधारा घालताना पंप भरता येईल अशी उतरायची वाट ठेवा. पहिल्या बंधाऱ्याला आम्ही ती ठेवली नव्हती, आणि पाणी समोर दिसत असून कुणाला खाली उतरता येईना.

कपडे सुती. नायलॉनची साडी, मॅक्सी, पोरांचे ते क्रिकेटचे टी-शर्ट, हे वितळून कातडीला चिकटतात. पायात बूट, डोक्याला सुती पंचा. ओलं फडकं नाकाला बांधलं की बरं वाटतं, पण धुराचे बारीक कण त्यातून आत जातात, म्हणून दर दहा मिनिटांनी माणूस बदला. दमेकऱ्यांनी वर येऊच नये, खाली पाणी आणि गूळ द्यायचं काम भरपूर असतं. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं, मग स्वच्छ सुती कापड आणि दवाखाना. टूथपेस्ट, तेल, हळद, शाई काही नाही. शाई आमच्या सासूबाईंचा उपाय होता.

घराभोवतीचं एका दमात सांगते, कारण जांभ्याच्या भिंती आणि कौलं असलेलं घर तसं सहज पेटत नाही, पेटतं त्याच्याभोवतीचं सामान. भाताच्या पेंढ्याची उडवी आणि सरपण घरापासून ३० फूट लांब, पन्हळीतला पाला फेब्रुवारीत काढलेला, माडाच्या झावळ्या मांगराला टेकवून ठेवायच्या नाहीत, गॅसचा जादा सिलिंडर मागच्या पडवीत नको. आग जवळ आली तर गुरांची दावी सोडवत बसू नका, कोयत्याने कापा.

जळाल्यावर

त्याच दिवशी फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना कळवून पंचनामा मागा. झाडं मोजताना जिवंत वाटणारीही मोजा, कारण काजू लगेच मरत नाही आणि लगेच वाचतही नाही. आणि जळालेल्या झाडांवर कोयता चालवायची घाई करू नका. मी केली. दुसऱ्याच आठवड्यात पाच तोडली, सरपण म्हणून विकली. मग वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात शिकलेल्या एका मुलाने बाकीची थांबवायला लावली.

त्याने दाखवलं ते असं. बुंध्याची साल नखाने जराशी खरवडायची, चारही बाजूंनी, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत. आत हिरवट ओलसर दिसलं की झाड आहे. तपकिरी, कोरडं आणि भुसभुशीत असेल तर त्या बाजूने गेलंय. एकाच बाजूने गेलेलं झाड पुष्कळदा जगतं. उन्हाने साल तडकू नये म्हणून बुंध्याला चुना लावायचा, बुडाशी पाणी द्यायचं, आणि जूनची वाट पाहायची. पाऊस पडल्यावर फुटवे आले की वरची मेलेली फांदी तिरकी कापून काप्यावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायची, आणि फुटव्यांतले जोरदार दोन ठेवून बाकीचे काढायचे.

उरलेल्या ३८ पैकी १७ फुटली. त्यातल्या अकरांवर गेल्या वर्षी बोंडू धरले. तोडलेल्या पाचांतली किती फुटली असती ते मी मोजत नाही, आमचे हे मात्र जेवताना अधूनमधून मोजतात.